एम्डेनचा कप्तान कोकोसला का गेला?

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, फळ्यावर विषय लिहिलाय तो कोकोस बेटांचा. पहिल्या महायुद्धात, 9 नोव्हेंबर 1914 ला जर्मन कप्तान कार्ल फॉन म्युलर यांनी आपली युद्धनौका ‘एम्डेन’ हिंदी महासागरातल्या त्या बेटांवर नेली आणि तिथेच ती संपली. सलगच्या यशाने माणूस गाफील झाला, असं यावर सर्रास म्हटलं जातं. मला ते बिलकूल पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगायलाच मी इथे उभा आहे.

पण आधी एका गोष्टीचा निकाल लावू, कारण ती मला फार वर्षं सलते आहे. आपल्याकडे एम्डेनचं नाव निघालं की समोरचा हमखास म्हणतो, ‘हो हो, ती अंदमानातून सावरकरांना सोडवायला येणार होती ना?’ सावरकर बंधू तेव्हा सेल्युलर जेलमध्ये होते हे खरं. एम्डेनही ऑक्टोबरच्या अखेरीस शेजारच्या निकोबारमध्ये, ननकौरीला होती. पण ती तिथे ‘ब्युरेस्क’ या पकडलेल्या आगबोटीतला कोळसा भरून घेत होती. कोळसा भरला आणि निघाली ती थेट पेनांगकडे. तिकडे दक्षिणेत म्हणतात की क्रांतिकारक चंपकरामन पिल्लई याच जहाजावर होते आणि मद्रासवर तोफा त्यांच्याच सांगण्यावरून डागल्या. पिल्लई त्या वेळी युरोपात होते! आपल्या माणसांवरच्या प्रेमापोटी या कथा झाल्या, ते मी समजू शकतो. पण या सगळ्यात ज्याने ते जहाज चालवलं तो माणूस कुठे गेला? जहाजाचं नाव पोराटोरांना ठाऊक, कप्तानाचं कुणालाच नाही. हा अन्याय आहे, आणि तो दूर व्हावा असं मला मनापासून वाटतं.

तर म्युलर. जन्म 1873, हॅनोव्हर. वडील प्रशियाच्या सैन्यात कर्नल. 1891 मध्ये मुलगा आरमारात गेला. पुढे ‘श्वाल्बे’ या छोट्या क्रूझरवरून जर्मन पूर्व आफ्रिकेला जाणं झालं आणि तिथे मलेरिया जडला, तो आयुष्यभरासाठी. हा मलेरिया लक्षात ठेवा. त्यानंतर बरीच वर्षं कचेरीची, टिपणं, आराखडे, हिशेब. बर्लिनच्या आरमार खात्यात खात्याचे प्रमुख टिर्पिट्झ यांच्या नजरेत ते भरले आणि 1913 मध्ये त्यांना एम्डेन मिळाली. त्याच वर्षी यांगत्सेच्या काठावरच्या बंडखोर चिनी किल्ल्यांवर त्यांनी तोफा डागल्या आणि त्याबद्दल पदकही घेतलं. हे मुद्दाम सांगतो, कारण मला इथे देव्हारा मांडायचा नाहीये. ते त्यांच्या काळाचे, त्यांच्या साम्राज्याचे अधिकारी होते.

एम्डेन काही फार मोठी नव्हती. साडेतीन हजार टनांच्या वरची, 10.5 सेंटीमीटरच्या दहा तोफा, आणि पोटात सुमारे 800 टन कोळसा. बारा नॉटने शांतपणे गेलं तर हा कोळसा साधारण दोन आठवडे पुरणार, वेग वाढवला की भराभर संपणार. ऑगस्ट 1914 मध्ये ॲडमिरल श्पे यांच्या जर्मन ताफ्यापासून ती सुटी झाली तेव्हा तिला हाताशी येईल असं एकही जर्मन बंदर जवळपास नव्हतं. सोबत होती ‘मार्कोमानिया’ ही एक कोळशाची बोट, बस. म्हणजे सकाळी उठून पहिला विचार कोळशाचा, रात्री निजताना शेवटचा विचार कोळशाचा. आणि तो भरायचा कसा? भर समुद्रात दोन बोटी शेजारी बांधायच्या, मध्ये चटया आणि दोरखंडांच्या गुंडाळ्या, आणि लाटांबरोबर दोन्ही बोटी एकमेकींवर आदळत असताना माणसांनी पोती ओढायची. बंकर, म्हणजे कोळशाच्या कोठ्या, भरले की डेकवरही ढीग. तोफेपाशी जायचं तरी कोळसा तुडवत!

सप्टेंबरात बंगालच्या उपसागरात पहिली सापडली ती ‘पोन्टोपोरोस’, ग्रीक, पोटात साडेसहा हजार टन बंगाली कोळसा. बोट तटस्थ, माल इंग्रजांचा. दुसऱ्या कुणी ती सरळ ताब्यात घेतली असती. म्युलर यांनी ग्रीक कप्तानाला बसवून भाडेकरार देऊ केला: इंग्रजांसाठी वाहतोस ते आमच्यासाठी वाहा. त्याने मान्य केलं. मग सापडली ‘इंडस’. ती आपल्या मुंबईला सैन्य घ्यायला निघाली होती, आत घोड्यांसाठी ठाणंसुद्धा बांधून तयार. एम्डेनवरचा साबण तेव्हा संपत आला होता आणि इंडसवर साबणच साबण! कोळशाने काळवंडलेल्या साडेतीनशेवर माणसांना तो दिवस दिवाळीचाच वाटला असेल. ‘कॅबिंगा’वर कप्तानाची बायको आणि मूल होतं, माल अमेरिकन मालकीचा. ती बुडवली नाही. आधीच्या बोटींवरचे कैदी तिच्यावर चढवले आणि तिला सोडून दिलं, तेव्हा त्या कैद्यांनी एम्डेनच्या नावाने जयघोष केला. शत्रूच्या कैद्यांनी, मंडळी! तेवीस व्यापारी बोटी त्यांनी अडवल्या, आणि त्या बोटींवरचा एकही माणूस त्यांच्या हातून मेला नाही.

आता माझा सगळ्यात आवडता प्रसंग, दिएगो गार्सियाचा. 9 ऑक्टोबर. नारळाच्या बागांचं ते बेट, मॉरिशसहून क्वचित एखादं शिडाचं जहाज येणार, तार नाही, वायरलेस नाही. महायुद्ध सुरू होऊन दोन महिने झाले होते आणि तिथे कुणाला पत्ता नव्हता! बेट इंग्रजांचं. जर्मन युद्धनौका आली म्हणून व्यवस्थापक आनंदाने होडीतून भेटायला आला, सोबत अंडी, मासे, फळं, एक जिवंत डुक्कर. जगाची काय खबर, असं त्याने विचारलं. पोप वारले, असं त्याला सांगितलं. पोप दहावे पायस खरोखरच ऑगस्टमध्ये वारले होते. बोट इतकी मळकी कशी, याला उत्तर मिळालं, वादळात सापडलो होतो. मग त्याने गाऱ्हाणं मांडलं की त्याची मोटरबोट बंद पडली आहे. म्युलर यांनी आपले कारागीर पाठवून ती दुरुस्त करून दिली, वर सिगार आणि व्हिस्की. एकीकडे बोट एका अंगावर कलती करून तळाला चिकटलेलं शेवाळ खरवडणं चालू, दुसरीकडे हा शेजारधर्म. काही जण यात फसवाफसवी पाहतात. मी यात एक माणूस पाहतो, ज्याला गरजेपेक्षा जास्त कुणाचं काही घ्यायचं नव्हतं. बेट सहज लुटता आलं असतं, आणि बदल्यात हाती काय लागलं असतं, थोडं खोबरं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, दहाच मिनिटं उरली म्हणतात. ठीक. मद्रास, 22 सप्टेंबरची रात्र: सव्वाशेच्या आसपास गोळे, बर्मा ऑइल कंपनीच्या दोन टाक्या पेटल्या, माणसंही मेली. पेनांग, 28 ऑक्टोबर: चौथं खोटं धुराडं उभारून पहाटे बंदरात शिरले आणि रशियन क्रूझर ‘झेमचुग’ बुडवली. तिच्यावरचे ऐंशीहून जास्त खलाशी गेले. बाहेर ‘मूस्के’ ही फ्रेंच विनाशिकाही बुडवली, तिचे छत्तीस जण एम्डेनने पाण्यातून काढले. या गोष्टीही त्यांच्या खात्यावर आहेत आणि त्या लपवायचं कारण नाही.

आता कोकोस. तिथे समुद्राखालच्या तारांचं ठाणं होतं, ऑस्ट्रेलियाला जोडणारं. ते तोडलं की इंग्रज क्रूझर तिकडे धावणार आणि आपण पश्चिमेला, एडनच्या वाटेवर मोकळे. बेत चोख होता. एम्डेनवरचे अधिकारी म्युक्के यांच्या हाताखाली पन्नासेक माणसं उतरवली, आणि ठाण्यातल्यांनी विनंती केली म्हणून वायरलेसचा खांबसुद्धा टेनिस कोर्टवर पडणार नाही असा पाडला. पण तोवर ठाण्याने अनोळखी बोट आल्याची हाक देऊन टाकली होती. उत्तर ऐकू आलं, त्यावरून ती बोट दोनशे मैल दूर असावी असा एम्डेनवर अंदाज झाला. प्रत्यक्षात ‘सिडनी’ ही ऑस्ट्रेलियन क्रूझर पन्नास-पंचावन्न मैलांवर सैनिकांच्या ताफ्याबरोबर होती. आणि माझा मुद्दा इथे आहे: म्युलर यांनी ब्युरेस्कला कोळसा घेऊन कोकोसला बोलावलं होतं. क्षितिजावर धूर दिसला तेव्हा सगळ्यांना वाटलं, आपली कोळशाची बोट आली! ओळख पटेपर्यंत वेळ गेला. भोंगा वाजवला, किनाऱ्यावरची माणसं होड्यांकडे धावली, पण थांबणं शक्य नव्हतं. तोफांवरची कसलेली माणसं मागे टाकून एम्डेन लढायला निघाली. पहिले गोळे अचूक बसले, सिडनीचा अंतरमापकच उडाला. पण सिडनीच्या सहा इंची तोफा लांबून मारा करत राहिल्या, आणि शेवटी म्युलर यांनी बोट कोकोसमधल्याच नॉर्थ कीलिंग बेटाच्या खडकावर चढवली. एकशे तीसहून जास्त जर्मन गेले, सिडनीवर चार.

यात गाफीलपणा कुठे आहे? मार्कोमानिया 12 ऑक्टोबरला इंग्रजांनी बुडवली होती, पोन्टोपोरोस परत घेतली होती. ब्युरेस्कची वाट पाहण्यावाचून त्यांच्यापुढे इलाज नव्हता. तळ नसलेल्या बोटीला जिथे थांबेल तिथे कोळसा घ्यावाच लागतो आणि थांबेल तिथे ती सापडू शकते. हा दोष कप्तानाच्या माथी मारणं बरोबर नाही.

पुढचं भराभर सांगतो. माल्टात कैद, मग इंग्लंडात सटन बॉनिंग्टनच्या कृषी महाविद्यालयात. 1917 मध्ये वीसेक कैद्यांसह भुयार खणून पळाले, पकडले गेले. मलेरियाने पार खंगले म्हणून 1918 च्या सुरुवातीला हॉलंडला पाठवले. ‘पूर ल मेरीत’ हा सर्वोच्च सन्मान मिळाला 1918 च्या मार्चमध्ये, एम्डेन जाऊन साडेतीन वर्षं होत आल्यावर. आठवणी लिहायला ते कधीच तयार झाले नाहीत, मेलेल्या सोबत्यांच्या रक्तावर पैसे कमावल्यासारखं वाटेल म्हणून. निवृत्त होऊन ब्लांकेनबुर्गला राहिले, ब्राउनश्वाइगच्या विधिमंडळात निवडून गेले आणि 11 मार्च 1923 ला वारले. पन्नाशीही गाठली नव्हती.

मागे राहिलेले म्युक्के आणि त्यांची माणसं ‘आयेशा’ नावाचं जुनं शिडाचं गलबत घेऊन निसटली आणि अरबस्तानातून थेट कॉन्स्टँटिनोपलला पोचली. त्याला वेगळा तास लागेल, पण प्रश्नोत्तरांत कुणी विचारलंत तर थोडक्यात सांगेन. आता प्रश्न घेऊ.