आधी ऐका, मग शिकवा

नमस्कार श्रोतेहो.

मी मोठ्या माणसांना मराठी शिकवणाऱ्या शिक्षकांना तयार करते. आज बोलणार आहे ते त्यांच्याविषयी, आणि परदेशातून येऊन मुंबईत मुरलेल्या, आता भारताचं नागरिकत्व मागणाऱ्या त्यांच्या विद्यार्थ्यांविषयी.

"इतकी वर्षं इथे राहिलो, आता मला नागरिक करून घ्या," असा अर्ज करणाऱ्याकडे १९५५ चा नागरिकत्व कायदा भाषाही मागतो. संविधानाच्या आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत, त्यातल्या एकीचं पुरेसं ज्ञान हवं. पुरेसं म्हणजे किती, ते कायदा सांगत नाही. ब्रिटनमध्ये नागरिकत्वासाठी २४ प्रश्नांची परीक्षा असते, १८ बरोबर आले की पास. तिथल्या शिक्षकाला काय घोकून घ्यायचं ते ठाऊक असतं. आपल्या शिक्षकाला 'पुरेसं' किती ते स्वतः ठरवावं लागतं. म्हणून मी प्रत्येक तुकडीला एकच सांगते: आधी ऐका, मग शिकवा.

हे मला एका इराणीकाकांनी शिकवलं.

दादरला खोदादाद सर्कलच्या आसपास आमचा वर्ग भरायचा. काका साठीचे. सोळाव्या वर्षी यझदजवळच्या गावातून मामाच्या हॉटेलात कामाला आले, ते गल्ल्यावरच म्हातारे झाले. बोलणं सगळं मुंबईच्या हिंदीत. खरं तर हिंदीवरही भागलं असतं, कायद्याला ती चालते. पण काका म्हणाले, "चालीस साल मराठी आदमी को ब्रुन-मस्का खिलाया, अर्जी उसीकी भाषा में लिखेगा."

त्यांना शिकवायला मी एक नवी शिक्षिका दिली. हुशार मुलगी, तयारी चोख. पहिल्या दिवशी तिने अंकलिपी उघडली. 'ग गणपतीचा.' काकांनी चष्मा पुसला, परत लावला, गप्प बसले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तिने नमुन्याचा अर्ज पुढे ठेवला आणि 'दिनांक' या शब्दावर बोट ठेवलं. "काका, इथे काय लिहाल?" काका गप्प. मुलगी माझ्याकडे आली, डोळ्यांत पाणी. "बाई, ह्यांना काहीच येत नाही."

मी शेजारी जाऊन बसले आणि नुसतं विचारलं, "काका, आज तारीख काय?"

काका ताठ झाले. "तारीख? ये तो हमारा शब्द है, बाई!"

मग मी कागद उचलून दाखवला. कागद! तोही त्यांचा. शहर, दुकान, जमीन, दरवाजा, हिशेब, गुन्हा. एकेक शब्द मी मराठीत म्हणायची, काका तो फारसीत म्हणायचे, उच्चार किंचित वेगळा, शब्द तोच. गल्ल्यावर पैसे मोजावेत तसे ते बोटांवर मोजत होते. त्या मुलीने फळ्यावर लिहायला घेतलं आणि फळा पुरेना. जाताना काका तिला म्हणाले, "टीचर, कल वो ग वाला किताब मत लाना. अर्जीच लाना."

तिने अर्जच आणला. काकांनी अक्षरं ओळखली ती त्यांच्याच शब्दांतून. 'क' शिकले तो कागदाचा, 'द' दुकानाचा.

'दिनांक' हा शब्द सावरकरांनी दिला, तो चांगला शब्द आहे, मी पत्रावर तोच लिहिते. पण शिवकाळापासून आपण फारसी शब्द निवडून बाजूला काढतोय, राज्यव्यवहारकोश त्यासाठीच झाला, तरी 'तारीख' घराघरांत राहिली. कॅलेंडर बघताना कुणी 'दिनांक काय' विचारतं का? सरकारी अर्जावर दोन्ही शब्द शेजारी छापले तर जागा कितीशी जाईल? माझ्या सासूबाई चौथी शिकलेल्या. बँकेतल्या कागदावर त्याही अशाच अडायच्या, आणि त्या तर जन्माच्या मराठी.

असो. शिकवणाऱ्यांसाठी पुन्हा सांगते. पहिल्या तासाला पुस्तक नको. माणूस सकाळी उठल्यापासून कुणाकुणाशी, कोणत्या भाषेत, काय बोलतो ते विचारा आणि लिहून घ्या. नेपाळहून आलेल्याची नेपाळी, श्रीलंकेतून आलेल्याची तमिळ त्या २२ भाषांत आहेच. कायद्यापुरती त्याची भाषेची अट तिथेच भागते, मराठी तो शेजाऱ्यांसाठी शिकतो. त्याला तसंच शिकवा. अर्जावरचे शब्द, पोलीस चौकशीला आले तर द्यायची उत्तरं, संविधानावरच्या निष्ठेची शपथ, हे सगळं त्याच्या तोंडातल्या शब्दांना जोडून घ्या. आधी ऐका, मग शिकवा.

ती मुलगी आता स्वतः शिक्षक तयार करते. गेल्या महिन्यात तिच्या वर्गात एक अफगाण बाई आल्या, दरी बोलणाऱ्या, म्हणजे फारसीच्या घरातल्या. नव्या शिक्षकाने पिशवीतून अंकलिपी काढली. हिने ती हळूच त्याच्या हातातून घेतली, एक कोरा कागद बाईंसमोर धरला आणि विचारलं, "तुमच्याकडे ह्याला काय म्हणतात?"