कँपसचा दवाखाना : ताप, नायटा, टाकीचं पाणी आणि एक चिठ्ठी

(दृश्य : दवाखान्याचा व्हरांडा. बाकावर बसलेले विद्यार्थी, हातात ओळखपत्र.)

विद्यापीठाच्या दवाखान्यात ऑपरेशन होत नाही. रुग्णाला भरती करून घेत नाहीत. एक्स-रे मशीनही सहसा नसतं. एक डॉक्टर, एक सिस्टर, औषध देणारा एक माणूस, दोन खाटा आणि औषधांचं कपाट. घर सोडून आलेल्या पोरापोरींच्या तब्येतीची पहिली जबाबदारी एवढ्याशा जागेवर असते.

छत्रपती संभाजीनगरचं विद्यापीठ १९५८ सालचं, लेण्यांच्या डोंगराच्या पायथ्याशी वसलेलं. घाटी रुग्णालय तिथून जवळच. नांदेडचं विद्यापीठ १९९४ सालचं. ते विष्णुपुरीत आहे आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही विष्णुपुरीतच. एवढं मोठं रुग्णालय शेजारी असताना कँपसवर वेगळा दवाखाना कशाला, असं कुणीही विचारेल. पण अंगात शंभर ताप असलेला मुलगा मोठ्या रुग्णालयाच्या ओपीडीत अर्धा दिवस रांगेत उभा राहत नाही. तो गेटबाहेरच्या मेडिकलवर जातो आणि "ताप-अंगदुखीच्या दोन गोळ्या द्या" म्हणतो. त्या दोन गोळ्यांच्या आधी त्याला गाठायचं, हेच या दवाखान्याचं काम.

(दृश्य : केसपेपरची खिडकी. वजनकाटा, थर्मामीटर, बीपीचं मशीन.)

ओळखपत्र दाखवलं की केसपेपर निघतो. डॉक्टरांकडे जाण्याआधी वजन, ताप, नाडी आणि बीपी त्यावर लिहून घ्या. गर्दीच्या दिवशी हेच टाळलं जातं आणि तिथंच चूक होते. मागच्या वर्षी बावन्न किलो असलेला मुलगा आज शेहेचाळीसवर आलाय, हे डोळ्यांना दिसत नाही, कागदावर दिसतं.

आत गेल्यावर डॉक्टरांना चार गोष्टी न विचारता सांगा. त्रास नेमका कोणत्या दिवशी सुरू झाला. आतापर्यंत कोणत्या गोळ्या घेतल्या. नाव आठवत नसेल तर रिकामी स्ट्रिप सोबत आणा. कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे का. आणि मुलींनी मागच्या पाळीची तारीख सांगावी, कारण काही औषधं आणि एक्स-रे देण्याआधी डॉक्टरांना ती माहीत असावीच लागते.

(दृश्य : पावसाळी सकाळ. वसतिगृहाच्या गच्चीवरचे टायर, कुंड्या, उघडी टाकी.)

पावसाळा सुरू झाला की दिवाळीपर्यंत दवाखान्यात सगळ्यात जास्त येतो तो ताप. त्यात डेंगी वेगळा काढायचा, तर दिवस मोजावे लागतात. ताप आला तो पहिला दिवस. एनएस-वन ही रक्ततपासणी विषाणूचा अंश शोधते, ती पहिल्या पाच दिवसांत उपयोगाची. त्यानंतर आयजीएम तपासणी करतात, ती शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्यं शोधते, आणि ती तयार व्हायला दिवस लागतात. तिसऱ्या दिवशी आयजीएम केली, निगेटिव्ह आली आणि मुलगा निर्धास्त झाला, असं घडतं. तपासणी खरीच असते, तिची वेळ चुकलेली असते.

बीपीच्याच मशीनवर एक साधी चाचणी करता येते. वरचा आणि खालचा आकडा पाहायचा. समजा १२० आणि ८०. त्यांच्या मधोमध, म्हणजे १०० वर, दंडावरचा पट्टा पाच मिनिटं फुगवून ठेवायचा. पट्टा सोडला की कोपराच्या खाली एक इंच लांब आणि एक इंच रुंद असा चौकोन धरून लाल ठिपके मोजायचे. दहा किंवा त्याहून जास्त दिसले तर डेंगीचा संशय बळावतो. कमी दिसले म्हणून डेंगी नाही असं मात्र धरायचं नसतं.

तापाला गोळी फक्त पॅरासिटामॉल. ६५०ची घेत असाल तर दोन गोळ्यांत किमान सहा तासांचं अंतर ठेवा आणि दिवसाला चारच्या वर जाऊ नका. डेंगीच्या संशयात आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन टाळायचं, कारण त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. मेडिकलवरून अंगदुखीसाठी मिळालेल्या गोळीत बहुतेक वेळा यातलंच एखादं औषध असतं.

आणि ताप उतरला म्हणून वर्गात जाऊन बसू नका. डेंगीत धोका वाढतो तो तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, नेमका ताप उतरताना. केशवाहिन्यांतून पाणी झिरपतं, रक्त घट्ट होतं, बीपी घसरतं. त्या दिवसांत पोटात जोराची दुखणी, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणं, लघवी कमी होणं, यातलं एकही दिसलं तर दवाखान्यात न थांबता थेट मोठ्या रुग्णालयात. सगळे प्लेटलेटच्या आकड्याकडे डोळे लावून बसतात. त्याच रिपोर्टमधला हिमॅटोक्रिटचा, म्हणजे रक्त किती घट्ट झालंय ते सांगणारा आकडा चढतोय का, हेही तितकंच महत्त्वाचं आहे.

(दृश्य : उन्हाळा. वसतिगृहाच्या मागे टँकर, पाइप टाकीत सोडलेला.)

मार्चनंतर मराठवाड्यात पाण्याचे हाल सुरू होतात आणि कँपसवर टँकर येतो. एका विंगेतले आठ-दहा जण एकाच दिवशी जुलाबाने आले, तर औषध देण्याइतकीच टाकी तपासणंही दवाखान्याची जबाबदारी आहे.

चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम लागते. म्हणजे दहा हजार लिटरच्या टाकीला पंचवीस ग्रॅम. ती कोरडी टाकीत टाकू नका. प्लॅस्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवा, मग बादली भरा, दहा मिनिटं चुना खाली बसू द्या आणि वरचं निवळ पाणीच टाकीत ओता. तासभर नळ बंद ठेवा. नंतर ओटी चाचणी करा, तीही टाकीजवळच्या नळावर नाही, सगळ्यात लांबच्या नळावर. काचेच्या नळीत पाणी घेऊन ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकले की पिवळा रंग यायला हवा. रंग आलाच नाही तर पाण्यात क्लोरीन उरलेलं नाही. बहुतेक वेळा कारण एकच निघतं : पावडरीचं पोतं महिनोन् महिने उघडं पडलेलं असतं. दमट हवेत आणि उजेडात तिच्यातलं क्लोरीन उडून जातं आणि उरतो नुसता चुना.

जुलाबावर ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात विरघळवायचं. ग्लासभर पाण्यात अर्धं पाकीट टाकून पिणारे पुष्कळ. ते पाणी फार दाट होतं आणि आतड्यात उलट पाणी ओढून घेतं. जुलाब थांबायच्या ऐवजी वाढतात. पाकीट नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. उरलेलं दुसऱ्या दिवशी फेकून द्या. सलाईन लावा म्हणून हट्ट धरू नका. तोंडाने पिता येतंय तोवर सलाईनची गरज नसते.

(दृश्य : दोरीवर दाटीने वाळत घातलेल्या जीन्स. टेबलावर मलमाच्या चार-पाच वापरलेल्या ट्यूब.)

आता ज्याबद्दल मुलं बोलायला लाजतात, तो नायटा. वसतिगृहांत हा आजार घर करून बसलाय. मांडीच्या सांध्यात, कमरेला, काखेत गोल चट्टे, कडा लाल आणि उठलेली, मध्ये मोकळं, आणि रात्री झोपू न देणारी खाज. घट्ट जीन्स, अर्धवट वाळलेले कपडे, दोघांत एक टॉवेल, एका गादीवर तिघं. बुरशीला आणखी काय हवं?

मेडिकलवर जी ट्यूब मिळते तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन यातलं कुठलंही नाव असेल तर त्यात स्टिरॉइड आहे. ते लावलं की दोन दिवसांत खाज जाते, लाली जाते आणि मुलाला वाटतं औषध लागू पडलं. बुरशी तशीच जिवंत असते, उलट पसरते. थांबवलं की दुप्पट उसळतं, म्हणून तो पुन्हा तेच लावतो. काही महिन्यांनी जांघेतली कातडी पातळ होऊन पांढरट रेषा पडतात, आणि त्या रेषा जात नाहीत. विशीतल्या मुलाच्या अंगावर कायमची खूण राहते ती पन्नास-साठ रुपयांच्या ट्यूबमुळे. ही मलमं चिठ्ठीशिवाय देऊच नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे.

योग्य उपचाराला वेळ लागतो. स्टिरॉइड नसलेलं, फक्त बुरशीवरचं मलम डॉक्टर देतात. ते चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटं अंतरापासून सुरू करून आतल्या बाजूला लावत न्यायचं. चट्टा दिसेनासा झाल्यावरही दोन आठवडे चालू ठेवायचं. अंगभर पसरलं असेल तर गोळ्या लागतात, आणि त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. कपडे गरम पाण्यात धुऊन उलटे करून उन्हात वाळवा, कमरेच्या शिवणीवर इस्त्री फिरवा. कमरेचा करदोडा काढून ठेवा. तो कायम ओलसर राहतो आणि बुरशी त्यातच दबा धरते. आणि खोलीतल्या कुणाला खाज असेल तर सगळ्यांचा उपचार एकाच वेळी. एकानेच औषध घेतलं तर महिन्याभरात आजार पुन्हा त्याच्याकडे येतो.

(दृश्य : मेसचा डबा. शेजारी चहाचा कप.)

पैसे वाचवायला एका डब्यावर दिवस काढणारे आणि भुकेला चहा पिणारे विद्यार्थी प्रत्येक वसतिगृहात आहेत. मुलींमध्ये हिमोग्लोबिन १२च्या खाली आणि मुलांमध्ये १३च्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात. दम लागतो, वाचलेलं डोक्यात राहत नाही, आणि पोरगी स्वतःलाच आळशी समजते. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या. चहा आणि गोळी यांत दोन तासांचं अंतर हवं, नाहीतर चहा लोह अंगी लागू देत नाही. शौचाला काळी होते, त्याला घाबरून गोळी सोडू नका. हिमोग्लोबिन जागेवर आलं तरी पुढे तीन महिने घ्यायची, तेव्हा कुठे शरीरातला साठा भरतो.

किनवट-माहूरच्या आदिवासी पट्ट्यातून आलेल्या विद्यार्थ्यांची सिकलसेल (रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) तपासणी झाली आहे का, हे प्रवेशाच्या वेळीच विचारायला हवं. साधी सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह आली तर तो वाहक आहे की रुग्ण, ते कळत नाही. त्यासाठी एचपीएलसी ही वेगळी रक्ततपासणी लागते. रुग्ण असेल तर उन्हाळ्यात पाणी कमी पडलं तरी हाडं ठणकायला लागतात. खोलीतल्या मित्रांना हे माहीत असावं.

दोन आठवड्यांच्या वर खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, घटतं वजन असेल तर क्षयरोगासाठी बेडका तपासा. तपासणी आणि सहा महिन्यांची औषधं सरकारी यंत्रणेत मोफत आहेत. औषध सुरू असताना पोषणासाठी महिन्याला १००० रुपये बँक खात्यात येतात. दोन महिन्यांत बरं वाटतं म्हणून औषध सोडणं हीच क्षयरोगातली सगळ्यात महागात पडणारी चूक.

(दृश्य : दार लोटलेली छोटी खोली. दोन खुर्च्या.)

काही जण डोकेदुखी सांगून येतात. पित्त, झोप नाही, छातीत धडधड. तपासण्या नॉर्मल. मग डॉक्टरांनी पेन खाली ठेवून विचारावं लागतं : घरी कसं आहे? शिष्यवृत्ती आली का? पोलीस भरतीची कितवी वेळ? कधी जगणं नकोसं वाटतं का? हा शेवटचा प्रश्न विचारल्याने मनात नसलेला विचार येत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून पोरं बोलतात. त्यासाठी दार बंद होणारी खोली हवी. ओपीडीच्या टेबलावर, मागे पाच जण उभे असताना, कुणीही हे सांगणार नाही. १४४१६ हा टेली-मानसचा मोफत क्रमांक आहे, दिवसरात्र चालतो, मराठीतही बोलता येतं. तो नोटीस बोर्डावर लावून भागत नाही. वसतिगृहाच्या प्रत्येक मजल्यावर हवा.

दवाखान्याची वेळही बदलायला हवी. दहा ते पाच म्हणजे नेमकी तासांची आणि प्रॅक्टिकलची वेळ. संध्याकाळी दोन तास जरी दार उघडं राहिलं तरी मेडिकलवरची निम्मी वर्दळ इकडे वळेल. आणि आठवड्यातून ठरलेल्या दिवशी बाई डॉक्टर असल्याच पाहिजेत. पाळीचे त्रास, अंगावरून जाणं घेऊन मुली वर्षवर्ष गप्प बसतात.

(दृश्य : रात्र. गच्चीवर अंथरूण टाकून झोपलेली मुलं. दूर १०८चा दिवा.)

डोंगरकडेचे कँपस आणि परभणीसारख्या कृषी विद्यापीठाचं शिवार, इथं सापाची गाठ पडतेच. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावतो. दाताची खूण सहसा दिसत नाही, दुखत नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. उन्हाळ्यात खाली झोपलेल्या मुलाला अशी लक्षणं आली तर अपचन समजू नका. दोरी आवळू नका, चिरा देऊ नका. अंगठी-कडं काढा, हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवा, चालवू नका, १०८ला फोन लावा. सर्पविषावरचं प्रतिविष रुग्णालयातच द्यायचं असतं.

भरतीच्या सोळाशे मीटरचा सराव करणारे एप्रिल-मेमध्ये दुपारी धावले आणि कुणी बरळायला लागला, अंग भट्टीसारखं तापलं, तर तो उष्माघात. सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, काखेत आणि जांघेत बर्फ ठेवा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉलचा इथे काही उपयोग नाही.

(दृश्य : डॉक्टर चिठ्ठी लिहीत आहेत. अक्षर जवळून.)

मोठ्या रुग्णालयात पाठवताना नुसतं "पुढील उपचारासाठी" एवढंच लिहिलेली चिठ्ठी कामाची नाही. त्यावर त्रास कधीपासून, नाडी, बीपी, ताप, दिलेली औषधं वेळेसकट, ॲलर्जी, रक्तगट आणि दवाखान्याचा फोन नंबर हवा. कुणाला चावा झाला असेल तर चाव्याची वेळ. सोबत एक मित्र जावा, आणि आधार कार्ड, रेशन कार्डाची झेरॉक्स न्यावी. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत नाव लावायला ती मागतात. गावाकडून कागद यायला दोन दिवस जातात, म्हणून फोटो आधीच मोबाइलमध्ये ठेवा.

कुत्रं चावल्यावर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवून मगच निघायचं. त्वचेत देण्याच्या लशीचे दिवस ०, ३, ७ आणि २८. तिसऱ्या-सातव्या दिवसापर्यंत सगळे येतात. अठ्ठाविसावा दिवस परीक्षेत किंवा गावी गेल्यावर पडतो आणि सुटतो. म्हणून चारही तारखा केसपेपरवर लिहून सिस्टर विद्यार्थ्याच्या मोबाइलमध्ये गजर लावून देतात, आणि गावी जाणार असेल तर तिथल्या ग्रामीण रुग्णालयाच्या नावे वेगळी चिठ्ठी करतात.