चौथा रोलर

नमस्कार श्रोतेहो. ऊर्जानगर-दुर्गापूरकडं राहणाऱ्यांना दोरीवरच्या कपड्यांवर बसणारी काजळी काय, ते मी सांगायला नको. चंद्रपूरचं महाऔष्णिक केंद्र आज 2920 मेगावॉटचं आहे. तिथले 210 मेगावॉटचे पहिले दोन वीजनिर्मिती संच जुने झाले म्हणून आधीच बंद झाले. उरलेलेही कधीतरी होतील. व्हावेतच, आमच्या लेकरांच्या छातीसाठी. पण संच बंद झाला तरी माणसाची चूल पेटतीच राहायला हवी.

आमच्या गल्लीत एक भाऊ राहायचे. केंद्रात कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर एकोणीस वर्षं कंत्राटी फिटर. त्यांचा कान म्हणजे काय सांगू! पट्टा असा धडधडायचा, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. भाऊ चालता चालता थांबायचे. म्हणायचे, "चौथा रोलर रडून राहिला." खोलून बघावं, तर बेअरिंग गेलेलं! रात्री-बेरात्री इंजिनीअर त्यांना बोलावणं धाडत. कागदावर मात्र भाऊ 'अकुशल'. एकोणीस वर्षं अकुशल.

मग ठेका बदलला, टोळी निम्मी झाली, भाऊ घरी बसले. पुढं धुळ्याकडं एका सौर प्रकल्पावर गेले. पहिल्याच सकाळी हातात पाण्याचा पाइप आणि लांब दांड्याचा ब्रश आला. भाऊंनी सवयीनं पॅनेलला कान लावला आणि सुपरवायझरला म्हणाले, "साहेब, इथं तं काईच वाजत नाई. मी आयकू काय?" मला हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले होते.

औष्णिक केंद्राला तिन्ही पाळ्यांत माणूस लागतो. सौर प्रकल्पाला लागतो तो मुख्यतः उभारणीपुरता. पुढं धुणं, गवत काढणं, पहारा. आणि सौर प्रकल्प कोळशाच्याच गावी येईल, असंही नाही.

  

म्हणून सांगते, संच बंद करण्याआधी कंत्राटी माणसांची यादी करा. आधी यादी, मग कुलूप. कुणाच्या हातात काय कसब आहे, ते लिहून, तपासून दाखला द्या. पवनचक्कीतही गिअरबॉक्स असतो, बेअरिंग असतं, ते बिघडलं की आवाज बदलतो. भाऊ तिथंही काम मागायला गेले होते. "अनुभवाचा कागद दाखवा," तिथले साहेब म्हणाले. भाऊंकडं कागद होता. त्यावर लिहिलं होतं, अकुशल.