वाफ कुणी पाहिली आहे?

बसा, बसा. मागचे पुढे या, पंखा मागेच आहे हे मला ठाऊक आहे. विषय फळ्यावर आहेच, ‘पदार्थाच्या अवस्था आणि त्यांतील बदल’. स्थायू, द्रव, वायू तुम्हाला पाठ आहेत, ते मी पुन्हा घोकून घेणार नाही. आधी ही शेगडीवरची किटली बघा. वाफ कुठे दिसते? बोट दाखवा.

सगळे त्या पांढऱ्या धुराकडे दाखवताय. छान, सगळे चुकलात.

आता माझं जुनं दुखणं ऐका. ज्यांनी आधी ऐकलंय त्यांनी पुन्हा ऐका. मी सातवीत होतो, राहायला लालबागला, चाळीत. परीक्षेत प्रश्न आला, ‘पाण्याच्या वायुरूप अवस्थेचे उदाहरण द्या.’ अपेक्षित उत्तर, चहाच्या कपावर दिसणारी वाफ. मी लिहिलं, ‘किटलीच्या तोटीला लागून जी मोकळी जागा दिसते ती.’ शून्य मार्क. वर लाल शेरा, ‘चेष्टा नको.’

चेष्टा नव्हती हो! वडील गिरणीत बॉयलरवर होते. ते सांगायचे, वाफेच्या नळीला बारीक भोक पडलं की भोकापाशी काहीच दिसत नाही, पांढरं दिसतं ते थोडं पुढे. नवखा माणूस त्या पांढऱ्याला घाबरतो आणि मोकळ्या जागेत हात घालतो. सालटं निघतं. खरी वाफ दिसत नाही, जशी या हॉलमधली हवा दिसत नाही. पांढरं दिसतं ते पाण्याचे बारीक थेंब, म्हणजे वाफ थंड होऊन पुन्हा झालेलं पाणी. संघनन. ढगही तेच, माळशेज घाटातलं धुकंही तेच.

उत्तरपत्रिका घेऊन वडील शाळेत जायला निघाले होते. आईने अडवलं, ‘पहिली पाळी बुडेल.’ तो एक मार्क मला अजून मिळायचाय. हसा, तुमचाही कधीतरी जाईल.

जुलैत कपडे का वाळत नाहीत? गॅलरीतली चड्डी तीन दिवस ओली. पाणी उकळत नसतानाही वरच्या थरातले रेणू सुटून जात असतात, पण पावसाळ्यात हवेत आधीच इतकं बाष्प असतं की जवळजवळ तितकेच परतही येतात. विरारची लोकल समजा, उतरणारे आणि चढणारे सारखेच, गर्दी तीच.

चिठ्ठी आली. सहा वाजता इथे भजनी मंडळ आहे, दहा मिनिटं उरलीत. म्हणजे मुख्य मुद्दा आता पळत पळत.

शून्य अंशाच्या एक ग्रॅम बर्फाचं शून्य अंशाचंच पाणी करायला ८० कॅलरी लागतात. तापमान तसूभर वाढत नाही. तेवढ्याच उष्णतेत ते पाणी ८० अंशांपर्यंत तापलं असतं! ती उष्णता जाते कुठे? रेणूंची एकमेकांवरची पकड सोडवण्यात. हाच अप्रकट उष्मा, अठराव्या शतकात जोसेफ ब्लॅकने तो ओळखला. आणि म्हणूनच १८३३ साली बोस्टनहून १८० टन बर्फ घेऊन निघालेलं जहाज चार महिन्यांनी कलकत्त्याला लागलं तेव्हा सुमारे १०० टन शिल्लक होता. बर्फाभोवतीच्या जाड आवरणाने बाहेरची उष्णता अडवली, आणि जी आत शिरली तिला ग्रॅममागे ८० कॅलरी मोजाव्या लागल्या. पुढे तसा बर्फ मुंबईतही यायचा, फोर्टात त्यासाठी बर्फघर होतं.

वाफेचा हिशोब याहून मोठा, ग्रॅमला ५४० कॅलरी. वाफेचं पाणी होताना त्या सगळ्या परत मिळतात. मोदक शिजतात त्यावर, आणि उकळत्या पाण्यापेक्षा वाफेचा चटका जास्त बसतो तोही त्यामुळेच. कुकरमध्ये दाब वाढतो, पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं, डाळ लवकर शिजते. माथेरानला उलट, दाब कमी, शंभराच्या थोडं आधीच उकळी.

कापूर राहिला, डांबर गोळ्या राहिल्या, संप्लवन, म्हणजे स्थायूचा द्रव न होता थेट वायू होणं, अख्खं राहिलं. पेटीवाले आले वाटतं. अरे, ती शेगडी बंद करा कुणीतरी, किटलीत पाणी उरलेलं नाही.