कुठं सापडलं?

(कोल्हापूर. पंचगंगा घाट, पहाट. पाणी ओसरलेलं, पायऱ्यांवर गाळ.)

पावसाळा सरला की पंचगंगा पात्रात परत जाते आणि काठावर गाळाचा ताजा थर ठेवून जाते. कडेची दरड जागोजागी ढासळलेली असते. सहावीत असताना अशाच एका दरडीच्या पायथ्याशी, ब्रह्मपुरीच्या अंगाला, मला बांगडीचा तुकडा सापडला. करंगळीच्या पेराएवढा. काळपट निळी काच आणि तिच्यावर पिवळा ठिपका. उन्हात धरला की कडेनं आतला निळा रंग उजळायचा.

आजीला दाखवला. ती म्हणाली, "कुणाच्या हातातली फुटकी बांगडी घरात आणलीस? जा, आधी टाकून ये." मी टाकला नाही. कंपासपेटीत लपवला.

तिथून हा नाद लागला. खापराचे तुकडे, एक भोक पडलेला मणी, हिरवं पडलेलं तांब्याचं नाणं, माळावरच्या गारगोट्या. दोन वर्षांत बिस्किटांचा पत्र्याचा डबा काठोकाठ भरला. त्या डब्यात सगळं होतं, फक्त एक कागद नव्हता. कोणती वस्तू कुठं मिळाली, कधी मिळाली, दरडीत किती खोल होती, यातलं काहीही मी लिहून ठेवलं नव्हतं.

(ब्रह्मपुरीचं टेकाड. आजूबाजूची वस्ती, खाली नदी.)

कोल्हापूरच्या पश्चिमेला, नदीला लागून हे टेकाड आहे. १९४५-४६ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं इथं उत्खनन केलं. ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित या दोघांनी ते काम चालवलं. वरच्या थरांत बहामनी काळातल्या काचेच्या बांगड्या निघाल्या, रंगीत, नक्षीच्या. त्याखाली खोलवर सातवाहन काळातली वस्ती लागली. इथली माणसं एकावर एक घरं बांधत गेली आणि टेकाड उंच होत गेलं.

मग माझा निळा तुकडा बहामनी काळातला का? असू शकेल. पन्नास वर्षांपूर्वीच्या कासाराच्या दुकानातलाही असू शकेल. तो दरडीच्या कोणत्या थरातून निसटला हे मी पाहिलं असतं, तर काहीतरी सांगता आलं असतं. आज तो नुसती काच आहे. हे मला अजून लागतं.

(टाऊन हॉल वस्तुसंग्रहालय. काळ्या दगडाची इमारत, उंच टोकदार छपरं. आत काचेचं कपाट.)

भाऊसिंगजी रोडवरची ही इमारत १८७२ ते १८७६ या काळात बांधली गेली. ब्रह्मपुरीतून निघालेल्या वस्तू ठेवायला १९४६ साली कोल्हापूरचं वस्तुसंग्रहालय सुरू झालं आणि पुढं ते या वास्तूत आलं. कोल्हापुरात राहून ते पाहिलं नसेल, तर एक सकाळ काढाच.

या संग्रहाचं भूषण म्हणजे कांस्याची एक मूर्ती, वीतभरही उंच नसलेली. अंगावर वस्त्र नाही, दाढीवाला, एक हात वर उचललेला. हा पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव. समुद्र इथून घाट उतरून जावं तेव्हा लागतो, आणि हा देव निघाला पंचगंगेच्या काठी!

आता विचार करा. हीच मूर्ती मोडीच्या दुकानात, जुन्या समया-घंटांच्या ढिगात मिळाली असती तर? कुणा साहेबानं विलायतेहून आणलेली शोभेची बाहुली म्हणून आपण ती बाजूला ठेवली असती. पण ती ब्रह्मपुरीत निघाली. तिच्यासोबत कांस्याची भांडी होती, आरसा होता, पाठीवर माणसं बसलेला छोटा हत्ती होता. म्हणून आपण ठामपणे म्हणू शकतो की सातवाहनांच्या काळात भूमध्य समुद्राकडचा माल कोकणातल्या बंदरांत उतरून सह्याद्री चढत होता आणि करवीरच्या या काठापर्यंत पोचत होता. हे सारं मूर्तीच्या चेहऱ्यावर लिहिलेलं नाही. ते तिच्या जागेनं सांगितलं.

(शिशाचं नाणं, अगदी जवळून.)

हे नाणं शिशाचं आहे. जड, मऊ, करड्या रंगाचं. एका बाजूला धनुष्य आणि त्याला लावलेला बाण. भोवती ब्राह्मी अक्षरं: 'रञो वासिठीपुतस विळिवायकुरस'. म्हणजे वासिष्ठीचा पुत्र, राजा विळिवायकुर याचं. राजा आपली ओळख आईच्या नावानं देतो आहे. कोल्हापूर भागात मिळणाऱ्या या नाण्यांवर असे तीन राजे येतात: वासिष्ठीपुत्र विळिवायकुर, माढरीपुत्र शिवलकुर आणि गौतमीपुत्र विळिवायकुर. यांची कुठं वंशावळ नाही. तरी आधी कोण आणि नंतर कोण, हे अभ्यासकांनी काढलं. कसं? नव्या राजानं जुन्या राजाच्याच नाण्यांवर आपला ठसा मारला होता. नीट पाहिलं की वरच्या अक्षरांखालून जुनी अक्षरं डोकावतात. माढरीपुत्राच्या ठशाखाली वासिष्ठीपुत्र दिसतो आणि गौतमीपुत्राच्या ठशाखाली ते दोघेही.

ती पुसट अक्षरं चकचकीत करण्याच्या नादात कुणी घासून काढली असती, तर हा क्रम कायमचा गेला असता.

माझ्या हातून असं झालं आहे. डब्यातलं ते हिरवं नाणं शिवराई निघालं. 'श्री राजा शिव' मधला 'श्री' आणि 'राजा' मी अंगठा फिरवून ओळखला होता. आनंदाच्या भरात चिंच आणि मीठ लावून घासलं, देवाची भांडी घासतात तसं. नाणं लखलखलं, आणि अक्षरांच्या कडा गेल्या. तीनशे वर्षांत धरलेला हिरवा थर तांब्याला राखत होता. मी तो दहा मिनिटांत उतरवला. तांब्याच्या नाण्याला चिंच, लिंबू, रांगोळी लावू नका. शिशाचं नाणं लाकडी कपाटात किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवू नका. लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेनं त्याला पांढरी भुकटी धरते आणि ते आतून खचत जातं.

(माळ. लाल जांभा, खाली काळा कातळ.)

जीवाश्मांचं मात्र आपल्याकडं दुर्भिक्ष आहे. पन्हाळा, जोतिबा, हा सगळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तापलेल्या रसात कोण टिकणार? डायनोसोरची हाडं पाहायची तर चंद्रपूरकडं पिसदुऱ्याला जायला हवं, दगड झालेले वृक्ष गडचिरोलीत वडधमला. इकडच्या दगडावर नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी दिसली, तर बहुतेक वेळा ते पान नसतं. भेगेत झिरपलेल्या पाण्यातलं मँगनीज तसं पसरतं. मीही असा एक दगड वर्षभर 'जीवाश्म' म्हणून मिरवला होता.

(गावचं देऊळ. पाराला टेकवलेली वीरगळ.)

वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड. ती घरी न्यायची नसते, हे सांगायलाच नको. खालच्या चौकटीत लढाई, मधे वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. ती त्या शिवेवर, त्या गावासाठी पडलेल्या माणसाची आहे. हलवली की तो निनावी वीर बेघर होतो.

कायदाही माहीत हवा. जमिनीत पुरलेलं, दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचं काही सापडलं, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. १९७२ चा पुरावशेष कायदा शंभर वर्षांवरच्या वस्तूंना लागू आहे. मूर्तींची नोंदणी करावी लागते आणि पुरावस्तू खासगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाही. संरक्षित स्थळावरचं खापरही उचलायचं नाही. लोक याला जाच समजतात. मला तो आधार वाटतो.

(वही. पेन्सिलीनं काढलेलं खापराचं चित्र.)

आता माझा संग्रह या वहीत आहे. खापर दिसलं की जागेवरच फोटो, शेजारी मापाला एक रुपयाचं नाणं. तारीख, गाव, ओढ्यापासूनची पावलं, दरडीत वरून किती हात. मग खापर तिथंच.

(देवघर. तांब्याच्या ताम्हणात काळा गोटा.)

गेल्या दिवाळीनंतर, तुळशीच्या लग्नाला, आत्यानं देवघरातला शाळिग्राम ताम्हणात ठेवला. मी तो इतकी वर्षं पाहत आलो होतो. त्या दिवशी पहिल्यांदा भोकातून आत बॅटरी मारली. आत कंगोरे असलेलं चक्र, घट्ट वळत गेलेलं. वज्रकीटकानं कोरलं असं आपल्या परंपरेत सांगतात. हा अमोनाइट, शंखात राहणारा समुद्रातला जीव. हिमालयाच्या जागी टेथिस समुद्र होता तेव्हाचा, सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वीचा. पन्हाळ्याच्या कातळाहून दुपटीनं जुना, आणि रोज सकाळी त्याला आमच्या घरी आंघोळ!

"आत्या, हा आपल्याकडं आला कुठनं?"

"तुझ्या पणज्यानं काशीहून आणला, चालत गेलेला. काशीत गंडकीकडचा साधू भेटला, त्यानं दिला म्हणत."

वही काढली. 'गंडकी नदी, नेपाळ. साधूकडून काशी. पणजोबांकडून कोल्हापूर. सांगणार: आत्या.' आत्यानं वहीत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "पणज्याचं नाव पण लिही की." लिहिलं. मग तिनं शाळिग्राम पुसला, वर तुळशीचं पान ठेवलं आणि आतून अंतरपाट आणायला गेली.