पूजन सामग्रीतून नॅनो नळ्या

(इंदूरमधील मराठी मंडळींपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. अध्यक्षांनी ओळख करून देताना 'नॅनो' म्हटलं मात्र, तिसऱ्या रांगेतल्या दोघांनी घड्याळं पाहिली. सराफ्यातली खाऊगल्ली रात्री उशिरापर्यंत उघडी असते, बसा निवांत.

मला एकच गोष्ट तुमच्या गळी उतरवायची आहे. कार्बनच्या नॅनो, म्हणजे अतिसूक्ष्म, नळ्यांपासून प्रकाशाला हवं तसं वळवणाऱ्या, गिळणाऱ्या रचना स्वस्तात करता येतात. पण त्यासाठी नळी बदलण्याच्या मागे लागू नका, नळ्यांची मांडणी बदला. नोकरीत असताना हे विद्यार्थ्यांना ऐकावं लागायचं. आता निवृत्त झालोय, म्हणून तुम्ही सापडलात.

ग्राफाइटचा एक अणू जाडीचा पापुद्रा गुंडाळला की नळी होते, हे सांगायला नको. आरआरकॅट या लेसर संशोधन केंद्राची आणि सिमरोलच्या आयआयटीची इतकी मंडळी समोर आहेत की जास्त समजावलं तर मार खाईन. 1991 साली जपानच्या सुमिओ इजिमांनी या नळ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आणि जग वेडं झालं. रशियन लोकांनी 1952 मध्येच असल्या नळ्यांचे फोटो छापले होते, पण रशियन भाषेत. असो. इजिमांनी तपासलेला कार्बन आला होता योशिनोरी आंदो यांच्या प्रयोगशाळेतून. याच आंदोंनी पुढे मुकुल कुमार यांना सोबत घेऊन नळ्या कशापासून केल्या? आपल्या देवघरातल्या कापरापासून! आयआयटी मुंबईत महेश्वर शरॉन यांच्याकडेही कापरावर काम झालं.

कापराच्या रेणूत कार्बनचे 10 अणू, हायड्रोजनचे 16 आणि ऑक्सिजनचा एक. तो एकटा ऑक्सिजन उपयोगी पडतो, नळीवर चिकटू पाहणारी फालतू काजळी तो जाळून टाकतो, असं कुमार आणि आंदो यांचं म्हणणं. कृती अशी : क्वार्ट्झच्या नळीत एका टोकाला सिरॅमिकच्या बोटीत कापूर आणि चिमूटभर नारिंगी फेरोसीन, म्हणजे लोखंड असलेलं एक रसायन. आरगॉन वायू सोडायचा. कापूर 200 अंशांच्या आसपास वाफ होऊन पुढे सरकतो, आणि 800-900 अंशांच्या भट्टीत फेरोसीनमधून सुटलेल्या लोखंडाच्या कणांवर नळ्या वाढतात. भट्टी थंड झाली की क्वार्ट्झच्या आतल्या भिंतीवर काळा थर दिसतो, स्पॅच्युलानं हलकेच खरवडला की पापुद्र्यासारखा सुटून येतो. (एक गृहस्थ विचारताहेत, भीमसेनी चालेल का? चालेल, पण खिसाही भीमाचा हवा.) घरी करून बघू नका.

तर हा कापूर मी आमच्या महाविद्यालयात मागितला. कुठलं महाविद्यालय ते विचारू नका, पेन्शन चालू आहे. नोटशीट वर गेली आणि परत आली. भांडारातले बाबू म्हणाले, "सर, ये तो पूजन सामग्री है. शासकीय मद में नहीं आती." मी म्हटलं, संशोधनासाठी आहे. ते म्हणाले, "तो लैब में आरती होती है क्या?" त्यांचंही खरं होतं, भंडार क्रय नियमांत भट्टीपुढे कापूर लावायची तरतूद नाही. मग मी काय केलं? नव्या नोटशीटवर लिहिलं, '1,7,7-ट्रायमिथिलबायसायक्लो[2.2.1]हेप्टान-2-ओन'. लगेच मंजूर! तीन कोटेशन्स आली. राजवाड्याजवळच्या दुकानात पिशवीभर कापूर ज्या पैशात मिळाला असता, त्याच्या कितीतरी पट दरानं एक सुबक बाटली आली. पुढे ऑडिट आलं. त्यांनी बाटली फिरवून लेबल वाचलं, त्यावर ठळक अक्षरांत 'कॅम्फर'. आता खुलासा द्या! त्या खुलाशाची फाइल बाटलीपेक्षा जाड झाली. शेवटी मी कापूर स्वतःच्या पैशानं आणू लागलो, आणि सौभाग्यवतींना वाटलं, साहेब अचानक धार्मिक झाले.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. म्हणजे पाचच समजायची.

मुद्दा. नळीचा रंग तिच्या व्यासावर आणि पापुद्रा कोणत्या कोनात गुंडाळला त्यावर ठरतो. या दोन्हींवरून नळीची जात ठरते आणि ती आकड्यांच्या जोडीनं सांगतात. (6,5) जातीची नळी साधारण 570 आणि 980 नॅनोमीटरचा प्रकाश शोषते, म्हणून तिचं द्रावण जांभळं. पण भट्टीतून सगळ्या जातींचं कडबोळं बाहेर येतं. ते निवडायला अल्ट्रासेंट्रिफ्यूज, म्हणजे प्रचंड वेगानं गरगरा फिरवून वेगळं करणारं यंत्र, लागतं. 2006 मध्ये अमेरिकेत हर्सम यांच्या गटानं तसं केलं, रंगीत पट्टे सुंदर आले, पण हे गरिबाचं काम नव्हे. कापरातून तर बहुतेक अनेक भिंतींच्या, एकीत एक बसलेल्या नळ्या येतात. तिथे जात निवडायचा प्रश्नच नाही.

मग मांडणी. नळ्या उभ्या वाढवल्या की, दाट दिसल्या तरी, त्या जागेत मुख्यतः हवाच असते. प्रकाशाला आपण हवेतून दुसऱ्या पदार्थात शिरलो हे जाणवतच नाही. तो परावर्तित न होता आत जातो आणि आतच जिरतो. 2008 मध्ये पुलिकेल अजयन आणि सहकाऱ्यांनी अवघं 0.045 टक्के परावर्तन मोजलं. साधा काळा रंग 5 टक्के तरी परत पाठवतो. 2014 साली व्हँटाब्लॅक हा नळ्यांचाच अतिकाळा लेप आला. त्याचे कलेपुरते हक्क शिल्पकार अनिश कपूर यांनी एकट्यानं घेतले आणि जगभरचे चित्रकार भडकले. बेंद्रे, हुसेन या चित्रकारांच्या इंदुरात हा विषय तासभर चालला असता, पण चिठ्ठी हातात आहे.

आणि रंग हवा असेल तर? पॉलिस्टायरीन या प्लास्टिकचे मायक्रॉनभर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे गोळे पाण्यावर सोडायचे. थाळीत पसरलेल्या साबुदाण्यासारखे ते एकमेकांना खेटून एका थरात बसतात. तो थर काचेवर उचलायचा, वरून निकेल चढवायचं, गोळे विरघळवून टाकायचे. तीन गोळ्यांमधल्या फटीत पडलेला निकेलचा ठिपका तेवढा उरतो, त्यावर नळी वाढते. गोळा लहान घेतला की नळ्यांतलं अंतर कमी आणि परतणारा रंग निळ्याकडे, मोठा घेतला की तांबड्याकडे. केम्पा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये हे करून दाखवलं. इलेक्ट्रॉन किरणांनी एकेक ठिपका कोरणारं महागडं यंत्र त्यामुळे वाचलं.

एक खर्च मात्र वाचत नाही. सुट्या ठिपक्यावरची नळी नुसत्या उष्णतेनं वाढवली तर वाकडीतिकडी होते, ताठ उभी राहायला प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित वायू, लागतो आणि त्याचं यंत्र कापराच्या भावात मिळत नाही. दाट वाढवल्या तर एकमेकींना टेकून उभ्या राहतात, पण मग काळा मिळतो, रंग नाही. यावर इथल्या कुणाकडे उपाय असेल तर चहाच्या वेळी गाठा मला. अध्यक्ष उभे राहिले आहेत.