खिडकीच्या आतून दिसलेलं मुखपृष्ठ

(फोंड्यातल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. एवढ्या पावसात तुम्ही आलात, म्हणून प्रस्तावना न करता आधी अंकच दाखवते. हा आमच्या विद्यार्थ्यांचा, या मुलांचा सिनेमाचा अंक. मागच्या रांगेत दिसतोय ना? विषय जाहीर झालाय तो ‘मुखपृष्ठामागचे निर्णय’ असा. म्हणजे चित्र, अक्षर आणि रंग. त्याच क्रमाने जाते.

पहिल्या बैठकीला मुलांनी आठ कच्ची रेखाटनं आणली. सहांवर फिल्मचं रीळ आणि क्लॅप, दोनांवर नटाचा चेहरा. मी एकाला विचारलं, ‘बाळा, तू एका चौकटीला तीन छिद्रं काढलीस, ती कुठे पाहिलीस?’ पस्तीस एमएमच्या फिल्मला दर चौकटीमागे दोन्ही कडांना चार-चार छिद्रं असतात. पण त्याने फिल्म हातात धरलेलीच नाही, तर त्याला कुठून कळणार? इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, 2004 साली गोव्यात आला, तेव्हा ही मुलं जन्मलीही नव्हती. त्यांना सिनेमा दाखवणाऱ्या थिएटरांतून रीळ कधीच गेलंय. मग न पाहिलेली वस्तू मुखपृष्ठावर कशाला? हा माझा जुना हट्ट आहे: सिनेमाच्या अंकावर नट असलाच पाहिजे असं नाही, बघणारा माणूस असला पाहिजे. पडद्यावरचा चेहरा जगभर एकच असतो. तिकीट काढणारा हात मात्र आपल्या गावचा असतो.

अंकाचा विषय होता गोव्यातली एकपडदा थिएटरं. पणजीचं सिने नॅशनल, म्हापशाचं अलंकार, वास्कोचं एल मॉन्त ही नावं घेतली की तुमच्यातले निम्मे लोक आत्ता मनातल्या मनात रांगेत जाऊन उभे राहिलेत, मला इथून दिसतंय. मुलांकडे तसल्या रांगेची आठवण नाही. तिकीट मोबाइलवर येतं. म्हणून त्यांना एका बंद थिएटरात नेलं. रखवालदार भला माणूस, त्याने तिकीटघराचं कुलूप काढून दिलं.

सावर्ड्याची एक मुलगी आत गेली आणि बराच वेळ बाहेरच येईना. मी डोकावले, तर ती स्टुलावर बसून त्या अर्धगोल खिडकीतून बाहेर बघत होती. म्हणाली, ‘टीचर, इथून कोणाचं तोंडच दिसत नाही.’ खरंच होतं. खिडकी छातीच्या उंचीवर. आतून दिसतात शर्टाची बटणं, पट्टे, पर्सचे बंद आणि आत येणारा हात. खिडकीची लाकडी कड मधोमध गुळगुळीत होऊन खोलगट झालेली, वर्षानुवर्षं मनगटं घासून. तिने रखवालदाराला बाहेर उभं केलं, नोट धरून हात आत घालायला लावला आणि तिथेच रेखाटन केलं. हे तेच चित्र. भोवती तिकीटघराचा काळोख, मध्ये उजेडाचा अर्धगोल आणि त्यात हात.

इथे मला दीनानाथ दलालांबद्दल बोलायचंच आहे. हा माणूस गोव्यातला, 1916 चा जन्म. मुंबईत जाऊन त्यांनी मराठी मुखपृष्ठाला रंगरूप दिलं, 1945 साली ‘दीपावली’ हा दिवाळी अंक काढला. आमच्या घरी अंक वाचून झाला की वडील वरचं पान अलगद सोडवून काचेत लावायचे. त्या पानाने मला चित्र बघायला शिकवलं. आणि आजही गोव्यातल्या चित्रकलेच्या मुलांना मी दलाल विचारले की ती एकमेकांकडे बघतात. हे मला सहन होत नाही.

आता अक्षर. अंकाचं नाव ‘तिकीट खिडकी’. नीट बघा, या दोन शब्दांत चार वेलांट्या आहेत. त्या मुलीच्या लक्षात आलं की वेलांटीची कमान आणि खिडकीची कमान एकाच वळणाची आहे. मग फॉन्ट बाजूला ठेवला आणि बोरूने अक्षरं काढली. कमल शेडग्यांनी नाटकांच्या जाहिरातींत हेच करून दाखवलं होतं. नुसतं नाव वाचून नाटकाची जात कळायची.

छापून आलं ते काय? छापखान्याचं नाव घेत नाही. पान जुळवणाऱ्याने वरचं अंतर शिरोरेषेपासून मोजलं. इंग्रजी कॅपिटल अक्षराच्या डोक्यावर काही नसतं, त्या सवयीने. कटिंग मशीन खाली आलं आणि तीनशे प्रतींवरच्या चारही वेलांट्या उडाल्या. उरले नुसते काने. ‘ति’चा काना आधी, ‘की’चा नंतर, मध्ये पोरके त आणि क. ती मुलगी गठ्ठा उघडून गप्प उभी राहिली. मी तक्रार केली तर उत्तर आलं, ‘बाई, वाचता येतंय ना?’ मंडळी, त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही. वेलांटी ही अक्षरावर लावलेली शोभा नाही, तो स्वर आहे. कोकणी लिहा नाहीतर मराठी, देवनागरीला डोक्यावर जागा लागते, पायाशी उकाराला लागते. ते गृहीत धरून पान मांडायला आमच्याकडे कोणी शिकवत नाही. शेवटी मुलांनी वर्गणी काढून मुखपृष्ठ पुन्हा छापून घेतलं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिलीत. रंगांचं भराभर सांगते.

काळोख छापणं सर्वांत कठीण. नुसती काळी शाई मोठ्या जागेवर राखाडी, थकलेली दिसते. म्हणून काळ्याखाली निळी साठ टक्के, किरमिजी आणि पिवळी चाळीस-चाळीस असा थर दिला. पण चार शाया केसभर सरकल्या तर त्यातली बारीक पांढरी अक्षरं बुजतात. म्हणून काळ्यावर फक्त जाड बोरूचं नाव ठेवलं, बाकी मजकूर मलपृष्ठावर नेला.

दुसरा रंग एकच, चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा लाल, तोही फक्त चित्रातल्या तिकिटांच्या बुकाला. स्क्रीनवर तो पेटलेला दिसायचा, कागदावर विझायचा. तेव्हा मुलं खरा चिऱ्याचा तुकडा पिशवीत घालून प्रूफ बघायला गेली आणि तुकडा कागदाशेजारी ठेवून पिवळी शाई वाढवून घेतली. लॅमिनेशन मॅट आहे, चकचकीत केलं असतं तर काळोखात ट्यूबलाइट दिसली असती. कडेला तीन मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापून जाणारी जादा छपाई, आहेच, शिवाय वेलांटीच्या माथ्यावर आता बारा मिलिमीटर मोकळे आहेत.

दोन्ही छपाया मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत, कापलेली आणि दुरुस्त. शेजारी पट्टी आहे. मोजून बघा.